फॉरवर्ड लाइन जुळवताना आधी जोडी, मग तिसरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ज्या व्यावसायिक आइस हॉकी संघाचे सामने पाहता, त्याच्याकडे दोन अव्वल सेंटर (मधले फॉरवर्ड) आहेत आणि एक हमखास गोल करणारा विंगर (बाजूचा फॉरवर्ड) आहे. तरीही प्रशिक्षक या तिघांना एका लाइनवर, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन फॉरवर्डच्या गटात, ठेवत नाहीत. ठेवलंच तर दोन सामन्यांत पुन्हा फोडतात. परक्या रिंकवर संघ हरतो, तिसरी लाइन संथ वाटते आणि दर आठवड्याला नवी जुळवाजुळव सुरू होते. मग सर्वांत चांगले तिघे एकत्र का खेळत नाहीत, आणि या लाइन ठरतात तरी कशा?

मी बरीच वर्षं व्यावसायिक संघांच्या बेंचवर साहाय्यक प्रशिक्षक म्हणून उभा राहतो आणि फॉरवर्डच्या शिफ्ट (बर्फावरच्या छोट्या पाळ्या) पुकारण्याचं काम माझ्याकडे असतं. त्या जागेवरून पाहिलं की प्रश्न वेगळा दिसतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या सामन्यात प्रत्येक संघ 18 स्केटर आणि 2 गोलकीपर उतरवतो. त्या अठरांत सहसा 12 फॉरवर्ड असतात, म्हणजे चार लाइन. एक शिफ्ट साधारण 45 सेकंदांची. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) वगैरे सगळं धरून पहिल्या लाइनचा खेळाडू 18 ते 20 मिनिटं खेळतो. म्हणजे तुमचे सर्वोत्तम तिघे एका लाइनवर असले, तर 60 मिनिटांच्या सामन्यातली 40 मिनिटं ते तिघेही एकाच वेळी बेंचवर बसलेले असतात. त्या 40 मिनिटांत बर्फावर कोण असणार आहे, हा प्रशिक्षकाचा खरा प्रश्न. सर्वोत्तम तिघे कोण, हे शोधायला प्रशिक्षक लागत नाही, ते कुणालाही सांगता येतं.

यातलं पुष्कळसं परिस्थितीवर अवलंबून असतं, हे आधीच सांगतो. दुखापती किती आहेत, सामना घरच्या रिंकवर आहे की बाहेर, समोरच्या संघाची पहिली लाइन कशी आहे, आपला दुसरा सेंटर खरोखर दुसऱ्या लाइनच्या तोडीचा आहे का, याप्रमाणे उत्तर बदलतं. पण विचार करण्याचा क्रम मात्र मी फारसा बदलत नाही.

मी त्रिकूट कधीच एकदम बनवत नाही. आधी जोडी बनवतो. दोन खेळाडू एकमेकांकडे न बघता पक (खेळातली रबरी चकती) कुठे येणार हे ओळखत असतील, तर ती जोडी म्हणजे संघाची ठेव. तिसरी जागा त्या जोडीच्या गरजेप्रमाणे भरायची आणि लागेल तेव्हा बदलायची. बॉस्टनचं उदाहरण घ्या. पॅट्रिस बर्जरॉन आणि ब्रॅड मार्शांड ही जोडी 2010-11 च्या हंगामात जमली. त्या वर्षी त्यांच्या उजव्या बाजूला चाळिशी ओलांडलेला मार्क रेकी होता आणि संघाने एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला. रेकी निवृत्त झाल्यावर तिथे टायलर सेगिन आला, सेगिन डॅलसला गेल्यावर रायली स्मिथ, आणि पुढे डेव्हिड पास्टर्नाक. उजवीकडे असे चार विंगर झाले, जोडी तीच राहिली. लोकांच्या लक्षात पास्टर्नाकसोबतचं त्रिकूट राहिलं, पण ते उभं होतं त्या जुन्या जोडीवर. एडमंटनमध्ये वेन ग्रेट्झकी आणि यारी कुरी यांचंही तसंच. 1984-85 मध्ये कुरीने 71 गोल केले तेव्हा त्यांच्या डावीकडे बहुतेक वेळ माइक क्रुशेल्निस्की होता, पुढे ती जागा एसा टिकानेनकडे आली. व्हँकूव्हरमध्ये हेन्रिक आणि डॅनियल सेडीन या जुळ्या भावांसोबत अनेक विंगर येऊन गेले. त्यातला सर्वांत चांगला ठरला तो अॅलेक्स बरोज, जो ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणी निवडलाही नव्हता.

बरोज तिथे का जमला, हे समजून घेतलं तर तिसऱ्या जागेचं मर्म कळतं. सेडीन बंधूंकडे पक टिकवण्याची आणि पासची अफाट समज होती. त्यांना आणखी एक पास देणारा नको होता. त्यांना नेटसमोर जाऊन उभा राहणारा, कोपऱ्यात अंगावर घेऊन पक सोडवणारा आणि पक हातात नसताना सतत पळणारा माणूस हवा होता. तिसऱ्या जागेवर कौशल्याच्या क्रमाने पुढचा खेळाडू टाकला की बहुतेक वेळा लाइन बिघडते. तिघांनाही पक हवा असतो आणि पक एकच असतो.

म्हणून लाइन पाहताना मी स्वतःला तीन कामं विचारतो. पक परत कोण मिळवतो? तो ताब्यात ठेवून समोरच्या ब्लू लाइनच्या, म्हणजे त्यांच्या क्षेत्राच्या सीमारेषेच्या, आत कोण नेतो? आणि शेवटी शॉट कोण मारतो? एकच खेळाडू यातली दोन कामं करत असेल तर उत्तमच, पण एकही काम बेवारस राहता कामा नये. यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं पहिल्या कामाकडे. तीन नाजूक हातांचे खेळाडू एकत्र आले की पहिला हल्ला डोळ्यांचं पारणं फेडतो. शॉट अडतो, पक कोपऱ्यात जातो, आणि तिथून तो बाहेर काढायला कुणीच वेळेत पोचत नाही. वीस सेकंदांत तेच तिघे आपल्या गोलकडे उलटे पळत असतात.

कोपऱ्यातल्या त्या क्षणाकडे जरा जवळून पाहा. फोरचेकमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या क्षेत्रातच पक परत मिळवायला दबाव टाकताना, पहिला फॉरवर्ड पकवाल्या डिफेन्समनवर (बचावपटूवर) जातो आणि त्याला रिंकच्या कडेच्या भिंतीकडे वळवतो. दुसरा त्या भिंतीवरच्या पासच्या वाटेवर येतो. तिसरा वर, बर्फावर आखलेल्या वर्तुळांच्या वरच्या कडेजवळ थांबतो, म्हणजे पक निसटला तर मध्यातून धावणाऱ्याला तो गाठू शकेल. या तिसऱ्याचं काम कुणी टाळ्या वाजवाव्यात असं नाही. पण तो मोहात पडून खाली गेला की समोरचे तिघे आपल्या दोन डिफेन्समनवर चालून येतात. प्रत्येक लाइनमध्ये हे काम मनापासून करणारा निदान एक जण लागतो. ग्रेट्झकीच्या शेजारी कुरी इतका मोलाचा होता याचं एक कारण हेच. तो गोल तर करायचाच, पण मागे कधी थांबायचं तेही त्याला कळायचं. तुमच्या त्या हमखास गोल करणाऱ्या विंगरबद्दल माझा पहिला प्रश्न हाच असेल. तो वर थांबतो का? नसेल थांबत, तर त्याच्यासोबतच्या दोघांपैकी एकाला ते करावं लागेल. आणि तो एक जण तुमचा सर्वोत्तम सेंटर असेल, तर तुम्ही त्याची अर्धी धार स्वतःच काढून घेताय.

स्टिक कोण कोणत्या बाजूला धरतो, हा मुद्दा बाहेरून किरकोळ वाटतो, पण आमच्या खोलीत त्यावर पुष्कळ चर्चा होते. लेफ्ट शॉट खेळाडू (ज्याच्या स्टिकचं पातं त्याच्या डावीकडे असतं) डाव्या विंगवर असला की आपल्या क्षेत्रातून बाहेर पडताना भिंतीवरून येणारा पक त्याला फोरहँडवर मिळतो आणि काम सोपं होतं. तोच उजव्या विंगवर गेला तर भिंतीवरचा पक बॅकहँडवर येतो, पण समोरच्या क्षेत्रात गेल्यावर त्याच्या स्टिकचं पातं मैदानाच्या मध्याकडे असतं आणि वन-टाइमरसाठी (आलेला पास न थांबवता मारलेल्या शॉटसाठी) कोन उत्तम मिळतो. अलेक्झांडर ओव्हेच्किन राइट शॉट असून डावीकडे खेळतो तो यासाठीच. म्हणजे उलट्या विंगवरचा खेळाडू हा एक सौदा आहे, पुढे फायदा आणि मागे थोडी जोखीम. एका लाइनवर असा एक विंगर मी आनंदाने ठेवतो, दोन ठेवताना विचार करतो. फेसऑफचंही (दोन सेंटरमध्ये पक टाकून खेळ सुरू करण्याचंही) तसंच. लेफ्ट शॉट सेंटरला डावीकडचा ठिपका सोयीचा, राइट शॉटला उजवीकडचा. शिवाय फेसऑफमध्ये नियमभंग झाला की लाइन्समन (साहाय्यक पंच) सेंटरला बाजूला करतो आणि विंगरला यावं लागतं. त्यामुळे सेंटर लेफ्ट शॉट असेल तर फेसऑफ घेऊ शकणारा एक राइट शॉट विंगर त्याच लाइनवर असावा, असा माझा आग्रह असतो. आघाडी एका गोलची, शेवटचं मिनिट आणि फेसऑफ आपल्या क्षेत्रात, अशा वेळी याची किंमत कळते.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन अव्वल सेंटर एकत्र खेळवायचे की वेगळे? माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात वेगळ्यानेच करावी. पिट्सबर्गने सिडनी क्रॉस्बी आणि येव्हगेनी माल्किन यांना वर्षानुवर्षं दोन वेगळ्या लाइन दिल्या, कारण समोरच्या संघाकडे सर्वोत्तम बचावपटूंची जोडी सहसा एकच असते. ती क्रॉस्बीवर लावली की माल्किन मोकळा होतो. 2016 मध्ये ते आणखी एक पाऊल पुढे गेले. माल्किन दुखापतीमुळे बाहेर असताना कार्ल हागेलिन, निक बोनिनो आणि फिल केसल ही लाइन जमली. माल्किन परतल्यावरही प्रशिक्षक माइक सलिव्हन यांनी ती फोडली नाही. केसलसारखा गोल करणारा विंगर कागदावर तिसऱ्या लाइनवर राहिला. त्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) संघाकडून सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केसलचे होते आणि कप पिट्सबर्गने जिंकला. समोरच्याचे चांगले बचावपटू पहिल्या दोन लाइनमागे दमत होते आणि केसल उरलेल्यांसमोर खेळत होता.

एडमंटनची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल एकत्र आले की समोरचा संघ हवालदिल होतो, म्हणून तो मोह तिथल्या प्रत्येक प्रशिक्षकाला होतो. पण 2019-20 च्या हंगामात मध्यावर ड्रायसाइटलला स्वतंत्र लाइन मिळाली, सोबत रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि काइलर यामामोटो. ती लाइन इतकी चालली की संघाकडे एकदम दोन पहिल्या लाइन झाल्या. ड्रायसाइटलने तो हंगाम 110 गुणांवर संपवला आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळवली. एकत्र आणण्याचा पर्याय मात्र कायम हाताशी होता. पिछाडीवर असताना, एखादी शिफ्ट आपल्या क्षेत्राबाहेर सुरू होत असताना किंवा पॉवर प्लेवर ते एकत्र यायचे. माझ्या मते हीच योग्य रीत आहे. वेगळं ठेवणं हा नियम, एकत्र आणणं ही राखून ठेवलेली खेळी.

अपवाद एकच. तुमचा दुसरा सेंटर नावाला सेंटर असेल, म्हणजे फेसऑफ आणि बचावाच्या ओझ्याखाली त्याचा हल्ला मरत असेल, तर त्याला पहिल्या सेंटरच्या विंगवर नेणं शहाणपणाचं असतं. पण त्यासाठी तिसऱ्या फळीतून वर येऊन रोज 15 मिनिटं पेलणारा सेंटर हवा. तो नसेल तर तुम्ही एक भोक बुजवून दुसरं पाडताय.

परक्या रिंकवर हरण्याचा जो मुद्दा तुम्ही मांडलात, तो लाइनशी थेट जोडलेला आहे. खेळ थांबला की शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमान संघाचा असतो. आधी पाहुण्यांनी खेळाडू उतरवायचे, ते पाहून यजमान आपली लाइन निवडतात. घरच्या रिंकवर मी माझ्या कमकुवत लाइनला लपवू शकतो. बाहेर ते जमत नाही, समोरचा प्रशिक्षक आपली पहिली लाइन बरोबर माझ्या तिसऱ्या लाइनवर सोडतो. म्हणून बाहेरच्या सामन्यांत सगळी ताकद एका लाइनवर ठेवणारा संघ जास्त उघडा पडतो. खेळ चालू असताना बदल करून पाहुणे थोडी सुटका करून घेतात, पण त्यालाही मर्यादा आहेत. सामन्याच्या तीन पीरियडपैकी दुसऱ्यात बाजू बदलतात आणि आपली बेंच आपल्या गोलपासून लांब जाते. अडकलेली लाइन बाहेर पडूच शकत नाही. त्यातून दमून पक लांब फेकला आणि आयसिंग झालं (आपल्या अर्ध्या भागातून फेकलेला पक कुणालाही न लागता समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला), तर 2005-06 पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच दमलेल्या खेळाडूंनी आपल्या क्षेत्रात फेसऑफ घ्यायचा, बदल नाही. 2017-18 पासून तर तिथे टाइमआउटही घेता येत नाही. तुमची तिसरी लाइन संथ वाटते म्हणालात. दुसऱ्या पीरियडमध्ये ती किती वेळा अशी अडकते ते पाहा. बहुधा पराभवाचं मूळ तिथे सापडेल.

फेसऑफच्या जागेप्रमाणे लाइन वाटणं हेही एक शस्त्र आहे. 2010-11 मध्ये व्हँकूव्हरचे प्रशिक्षक अलॅन विनो सेडीन बंधूंना शक्य तितकं समोरच्या क्षेत्रातल्या फेसऑफला उतरवायचे आणि आपल्या क्षेत्रातले कठीण फेसऑफ मॅनी मल्होत्राकडे द्यायचे. मल्होत्राच्या गोलांकडे पाहून कुणी त्याला मोठा म्हटलं नसतं, पण सेडीनना मोकळं करण्यात त्याचा वाटा मोठा होता. टॅम्पा बेने 2020 च्या फेब्रुवारीत ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रो यांना संघात आणून यानी गोर्डसोबत तिसरी लाइन उभी केली आणि लागोपाठ दोन कप जिंकले. तिसरी लाइन म्हणजे उरलेल्यांची मोट नव्हे. तिला नेमकं काम दिलं पाहिजे.

पॉवर प्लेचा परिणाम लाइनवर होतो, हे प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पहिल्या पॉवर प्लेमध्ये बहुधा चार फॉरवर्ड असतात, पहिल्या दोन लाइनमधले. दोन मिनिटं संपतात तेव्हा हे चौघे धापा टाकत असतात आणि दोन लाइन अर्धवट झालेल्या असतात. पुढच्या शिफ्टला अख्खी, ताजी लाइन लागते. म्हणून निदान एका लाइनमध्ये पहिल्या पॉवर प्लेचा एकही खेळाडू नसावा, अशी काळजी मी घेतो. पेनल्टी किलचंही (आपला खेळाडू शिक्षेत असताना बचाव करण्याचंही) असंच, पण उलट. पेनल्टीत बचाव करणारे चार फॉरवर्ड एकाच लाइनच्या आसपास गोळा झाले, तर दोन पेनल्टींनंतर ती लाइन संपलेली असते आणि तुमचे गोल करणारे तोवर बेंचवर थंड पडलेले असतात.

आता सततच्या बदलांबद्दल. इथे मी तुमच्या बाजूने आहे. समजा एक चांगली पहिली लाइन पाच विरुद्ध पाचमध्ये 60 मिनिटांमागे तीन गोल करते आणि एका सामन्यात एकत्र साधारण 13 मिनिटं खेळते. हिशेब केला तर दहा सामन्यांत सहा-सात गोल होतात. त्यातले दोन पोस्टला लागून परत आले तर चार-पाचच दिसतात आणि सगळे म्हणतात लाइन आटली. दोन सामन्यांत तर गोलांवरून काहीच कळत नाही. म्हणून मी गोल बाजूला ठेवतो आणि इतर गोष्टी बघतो. ही लाइन बर्फावर असताना दोन्ही बाजूंच्या एकूण शॉटपैकी आपले किती, त्यातले नेटसमोरच्या धोकादायक भागातून किती, आणि ब्लू लाइन ओलांडताना पक ताब्यात होता की नुसता आत फेकला होता. यापुढे जाऊन जोडीतला प्रत्येक जण दुसऱ्याशिवाय कसा खेळतो, हेही तपासतो. दोघे एकत्र चांगले आणि वेगळे साधारण, तर जोडी खरी. एक जण कुठेही चांगला आणि दुसरा फक्त त्याच्या सावलीत चांगला, तर ती जोडी नव्हे, ते ओझं आहे.

सामन्याच्या मध्यात मात्र मी लाइन बदलतो आणि त्याबद्दल मला काही वावगं वाटत नाही. दोन गोलांची पिछाडी असेल तर तिसऱ्या पीरियडमध्ये चौथी लाइन जवळजवळ बसते आणि तीन लाइनवर खेळ चालतो. कुणी जखमी झालं तर अकरा फॉरवर्ड उरतात. जॉन कूपर यांच्यासारखे प्रशिक्षक तर कित्येकदा मुद्दाम 11 फॉरवर्ड आणि 7 डिफेन्समन उतरवतात, म्हणजे चौथ्या लाइनच्या मोकळ्या जागेत मोठा सेंटर जास्तीची शिफ्ट घेऊ शकतो. हे बदल त्या रात्रीपुरते असतात. दुसऱ्या दिवशी सरावाला खेळाडू येतात तेव्हा प्रत्येक लाइनच्या जर्सीचा रंग वेगळा असतो आणि आपल्या कपाटापाशी कोणता रंग टांगलाय यावरून खेळाडूला आपली जागा कळते. तिथे रोज रंग बदलायला लागले की खेळाडू जोडीदाराच्या सवयी शिकणं सोडून देतो आणि चूक होऊ नये एवढ्यापुरतं खेळतो. पक मिळाला की लगेच काचेवरून बाहेर फेकतो. ही लक्षणं दिसली तर समजायचं, बदल फार झाले.

तुमच्या संघापुरतं माझं मत असं. दोन सेंटर वेगळे ठेवा. गोल करणारा विंगर दोघांपैकी जो उत्तम पास देतो त्याला द्या, क्रमांक पहिला की दुसरा याला महत्त्व नाही. त्या लाइनच्या तिसऱ्या जागेवर वर थांबणारा, भिंतीवर लढणारा माणूस हवा, मग त्याचे गोल कमी असले तरी चालेल. दुसऱ्या सेंटरला संघातला सर्वांत वेगवान विंगर द्या, म्हणजे पक आत नेण्याचं सगळं ओझं त्याच्यावर पडणार नाही. तिसऱ्या लाइनमध्ये सगळे बदलण्याऐवजी एक संथ विंगर चौथीवर नेऊन तिथला पळणारा वर आणा आणि आपल्या क्षेत्रातले फेसऑफ तिच्याकडे सोपवा. आणि हे सगळं दहा सामने तसंच राहू द्या. पहिल्या तीन सामन्यांत हरलात तर प्रशिक्षकावर दबाव येईल. तेव्हा तिसऱ्या जागा हलवायला हरकत नाही, सेंटर आणि त्याची जोडी हलवू नका. तुमचे प्रशिक्षक सध्या नेमकं काय हलवतायत, जोडी की तिसरा, हे पुढच्या काही सामन्यांत लिहून ठेवा आणि मला कळवा. फक्त तिसरा बदलत असेल, तर बाहेरून दिसतो तितका तो गोंधळ नाही.